बायचं धुकं

या वर्षी थंडी उशिरा आली, आणि आल्या आल्या आमच्या बिल्डिंगची केबल जळली. वसई तालुक्यातल्या चंदनसारच्या या बाजूला आता सात-सात मजली इमारती झाल्या आहेत. लिफ्ट बंद, पाण्याचा पंप बंद, मोबाइलचे दिवे धरून जिने चढणारी माणसं एकमेकांना विचारत होती, कधी येणार, कधी येणार. संध्याकाळी सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, मेणबत्ती शोधायला ड्रॉवर उघडला. मी म्हटलं, राहू दे. तिने ड्रॉवर बंद केला आणि समोरच्या खुर्चीत येऊन बसली. इतक्या वर्षांनी तिला कारण विचारावं लागत नाही.

दार उघडंच होतं. जिन्यात राहणारं एक मांजर आत आलं असावं, कारण माझ्या पायाला काहीतरी मऊ घासून गेलं. आवाज नाही, काही नाही. मला क्षणभर राग आला. मांजराने असं न वाजता येऊ नये, असं मला वाटतं. हे कोणाला सांगितलं तर म्हातारा चळला म्हणतील.

जिथे आता गाड्या उभ्या करतात तिथे माझी गवताची वखार होती. वारशाने आलेली नव्हे, मी उभी केलेली. कोयता घेऊन दुसऱ्याच्या माळावर मजुरीने गवत कापण्यापासून मी सुरुवात केली आणि तिशी गाठायच्या आत माझ्या वखारीतून मुंबईच्या तबेल्यांना ट्रक जाऊ लागले. शाळा चौथीपर्यंत. बाकीचं सगळं मी सौदे करता करता शिकलो. सौद्याची माझी पद्धत ठरलेली होती. आपण आधी बोलायचं नाही. समोरचा माणूस कंटाळून, लाजून किंवा उन्हाने बेजार होऊन पहिला आकडा तोंडातून काढेपर्यंत गप्प बसायचं. मी दोन-दोन तास गप्प बसलेलो आहे. आणि दुसरी गोष्ट म्हणजे हात. शेतकरी वरून सुकं, सोनेरी गवत रचतो आणि गंजीच्या पोटात ओलं दडपतो. ते डोळ्याला दिसत नाही. मी बाही वर करून खांद्यापर्यंत हात आत घालायचो. आत ऊब लागली की समजायचं, ओलं आहे, कुजतंय. माझ्या हाताला फसवणारा माणूस या तालुक्यात झाला नाही, असं मी सांगत फिरायचो. खरंच सांगत फिरायचो.

बाय माझी थोरली बहीण. आमच्यात पंधरा वर्षांचं अंतर. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा वारला म्हणून बाय परत आली होती, तिनेच मला वाढवलं. पहिला कोयता मी तिच्या शेजारी उभा राहून चालवला. वखार झाली तेव्हा मी तिला म्हटलं, आता तू काही करायचं नाहीस. ती आली आणि येताना तीन मांजरं घेऊन आली. म्हणाली, वखारीत उंदीर होणार, गासड्यांचे सुंभ कुरतडणार, तेव्हा तुझ्या हमालांपेक्षा हीच कामाला येतील. वाघी नावाची पट्ट्यापट्ट्यांची मांजरी, गवळण नावाची पांढरी, आणि एक जाडा बोका. तो माझ्या गादीवर वहीशेजारी पाय पोटाखाली घेऊन बसायचा, म्हणून त्याचं नाव मुनीम.

मुनीमची झोपायची जागा रेडिओवर. आमचा रेडिओ जुना, व्हॉल्व्हचा, लाकडी पेटीचा. लावल्यावर आधी नुसता गरम व्हायचा, आत लालसर दिसायला लागायचं, आणि अर्ध्या एक मिनिटाने घरघर करून बोलायला लागायचा. थंडीत त्याची पेटी वरून छान तापायची. संध्याकाळच्या बातम्यांना मुनीम वर चढायचा तो बंद केला तरी पेटी निवेपर्यंत उतरायचा नाही.

सत्तर सालानंतरचं ते दशक संपत आलेलं होतं. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. ट्रकमध्ये गासड्यांचे सहा थर रचायचे, हा नियम. त्या दिवशी मी हमालांना म्हटलं, सातवा चढवा. गिऱ्हाइकाची घाई होती आणि एक फेरी वाचत होती. ट्रक फाटकातून बाहेर पडताना वरच्या गासडीत आमच्या घराची वायर अडकली, ड्रायव्हरला कळलंच नाही, आणि वायरीबरोबर खांबही मोडून खाली आला.

तो खांब होता जनूदादाच्या बांधावर. जनूदादा म्हणजे शेजारचा भातशेतीवाला, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, बायच्या बरोबरीचा. दोघं लहानपणी एकत्र खेकडे धरायची. तो आवाज ऐकून बाहेर आला, मोडका खांब बघितला, ट्रककडे बघितलं, आणि सगळ्या हमालांसमोर मला म्हणाला, "वर बघाला डोळे नाय काय रे तुला?"

एवढंच वाक्य. चूक माझी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझ्या मजुरांसमोर, माझ्या फाटकात, मला. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वीज कचेरीचा वायरमन आला, बघून गेला. नवीन खांब तिथेच रोवावा लागणार, जमीन त्याची, तेव्हा त्याची लेखी संमती आणा, म्हणाला. जनूदादाने मला निरोप पाठवला की दत्तूला सांगा, ओटीवर येऊन बस, चहा घे, आणि माग. मी नाही म्हणणार नाही. आता यात काय वाईट होतं? पण मला ते मागणं जमेना. खांब आधीपासून तिथे होता, त्याची परवानगी तेव्हाच झालेली होती, पुन्हा मागायची कशाला? आणि आधी बोलणारा मी नव्हे. मी ठरवलं, तो कंटाळेल. त्याने काय ठरवलं होतं ते मला माहीत नाही, पण तोही बोलला नाही. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, पौष लागला. साऱ्या वस्तीत दिवे होते. फक्त आमचं घर काळं.

पहिल्या आठवड्यात आम्ही चिमणी लावायचो, ती पत्र्याची, वात असलेली. सुमन म्हणायची, या घरात मांजरं तीन आणि चिमणी एक, कसं निभावणार बिचारीचं. आम्ही हसलो. चौथ्या की पाचव्या संध्याकाळी मुनीम रेडिओवर उडी मारायला गेला आणि शेपटीने चिमणी पडली. रॉकेल जमिनीवरून सरळ दाराकडे पळालं आणि त्याच्यामागे निळी ज्योत. दारापलीकडे पाच पावलांवर वखार, आणि वखारीत थंडीसाठी साठवलेलं सुकं गवत. मी ओलं गोणपाट टाकून ते विझवलं. मग मला राग आला. घाबरलो की मला नेहमी राग येतो. मी म्हटलं, उद्या तिन्ही मांजरं पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून येतो.

बाय शांतपणे म्हणाली, "मांजरं ऱ्हाऊ दे. दिवाच नको लावू."

मला ते पटलं. वखारीशेजारी आग नकोच. नियम झाला: दिवस मावळला की घरात ज्योत नाही. मागच्या पडवीतली चूल उजेड असतानाच पेटवायची, भाकऱ्या टाकून निखाऱ्यांवर पाणी ओतायचं. दोन सेलची एक बॅटरी होती, ती फक्त विंचूबिंचू निघाला तर. मी स्वतःला फार शहाणा समजत होतो. दिवा न लावायची गोष्ट ती इतक्या सहज का बोलली, याचा विचार मी केला नाही.

अंधाराची सवय होते. पहिले काही दिवस आम्ही धडपडलो. सुमनने दोन कप फोडले, मी उंबऱ्याला अंगठा ठेचून घेतला आणि उंबऱ्याला शिव्या दिल्या. बाय मात्र कुठे अडखळत नव्हती. दारापासून माठ किती पावलं, माठापासून खाट किती पावलं, तिला पाठ. चहा ओतताना कपाच्या काठावर आतून बोट धरायची. चहा बोटाला लागला की थांबायची. एक थेंब बाहेर नाही. मी कौतुकाने म्हणायचो, बाय, तुझे डोळे या मांजरांसारखे आहेत. ती म्हणायची, हो रे, एकाच घरातली ना आम्ही.

आणि घुंगरं. आमच्याकडे पूर्वी बैलजोडी होती, तिच्या गळपट्ट्यातली घुंगरं काढून तिने मांजरांच्या गळ्यात बांधली होती. वाघीला एक, गवळणीला दोन, मुनीमला तीन. अंधारात बसलेलो असताना नुसत्या आवाजावरून कळायचं, कोण आलं, कोण कुठे निघालं. पायाखाली शेपटी यायची नाही. मी हमालांनाही सांगायचो, आमच्या बायचं डोकं बघा, वीज गेली तर हिने मांजरांना घुंगरं बांधली. ती घुंगरं वीज जायच्या आधीची होती. नवरात्रात बांधलेली. दिवसा, लख्ख उजेडात, बाय मांजर पायाखाली येऊन दोनदा पडली होती, त्यानंतरची. हे मला आठवलं ते फार पुढे.

त्या संध्याकाळी कशा होत्या ते मला सांगता येणं कठीण आहे. सगळंच वाईट होतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. सुक्या गवताचा गोडसर वास भिंतीतून यायचा. उत्तरेचा वारा सुटलेला असायचा, आणि कौलांच्या फटीतून तो बारीक शिट्टी घालायचा. आम्ही तिघं एका घोंगडीत पाय घालून बसायचो आणि मधे कुठेतरी मांजरं. मुनीम सवयीने रेडिओवर चढायचा, थंड पेटीवर दोन-तीनदा गोल फिरायचा, नाराज होऊन उतरायचा आणि बायच्या मांडीत यायचा. बाय त्याच्या पाठीवरून हात फिरवत जुन्या गोष्टी सांगायची. माझी आई कशी दिसायची हे मला त्या अंधारात पहिल्यांदा नीट कळलं. उजेडात आम्ही असं कधी बोललोच नव्हतो. उजेडात मला वेळ नसायचा.

आमच्या अंगणात जनूदादाच्या पडवीतल्या बल्बचा उजेड एवढासा, चटईएवढा पडायचा. कुंपणाच्या काठ्यांमुळे त्याच्या पट्ट्या झालेल्या. मांजरं जाऊन त्यात बसायची. मला ते बघवायचं नाही. माझी मांजरं त्याच्या उजेडात! मी हुसकावायचो, ती पुन्हा जायची. एकदा मी असा चिडून आत आलो तेव्हा ओटीवर बसलेली बाय म्हणाली, जनूच्या दिव्याला कडं पडलंय रे, चंद्राला पडतं तसं, रंगीत. मी म्हटलं, त्याच्या दिव्याला काही सोन्याचं लागलेलं नाही, तू इकडे आत बस.

आता धुक्याबद्दल लिहायला हवं. हे लिहायला बसलो तेच त्यासाठी, आणि तरी इतका वेळ टाळलं.

आमच्याकडे पौषात पहाटे धुकं येतं. खाडीकडून वर सरकतं, शेतांवर बसतं, आठ-साडेआठला ऊन आलं की जातं. त्या वर्षी बाय सकाळी ओटीवर बसून म्हणायची, "यंदा धुकं फार हाय रे दत्तू. जातच नाय." मी मान हलवायचो. मग ती दहा वाजताही म्हणायला लागली. मग अकरा वाजताही.

एका सकाळी मांडवीकडचा एक शेतकरी पाच गाड्या गवत घेऊन आला. गवत उत्तम होतं. मी हात घालून बघितलं, आत खडखडीत सुकं. पण चेहऱ्यावर काही दाखवायचं नसतं. मी म्हटलं, दमट आहे, यंदा हवेत ओल फार. तो म्हणाला, शेट, ऊन पडलंय, दवसुद्धा नाही. अकरा वाजून गेले होते आणि खरोखरच ऊन टाळूवर आलं होतं. मी ओटीकडे तोंड करून विचारलं, बाय, यंदा धुकं कसं आहे गं?

ती म्हणाली, "फार हाय. आता बी हाय ना."

शेतकऱ्याने तिच्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर खोटेपणा नव्हता. म्हाताऱ्या बाईने एवढ्या सहजपणे सांगितलेलं माणूस कसं नाकारणार? तो गोंधळला, आकाशाकडे बघितलं, गवताची एक काडी दाताखाली चावली, आणि भावात उतरला. जेवताना मी हसत तिला सांगितलं, बाय, आज तुझ्यामुळे सौदा झाला. ती म्हणाली, बरं झालं बाबा, माझा काय तरी उपयोग.

तेवढ्यावर मी थांबलो नाही. त्या थंडीत मी तिचं धुकं चार-पाच वेळा विकलं. प्रत्येक वेळी मागे वळून विचारायचं आणि प्रत्येक वेळी ती खरं सांगायची.

सुमनने एकदा विषय काढला होता. भातात खडे येतात, म्हणाली. बाय दिवसा उन्हात बसून तांदूळ निवडतात तरी येतात. मी ओरडलो, अंधारात जेवतो आपण, खडे लागणारच, आणि म्हाताऱ्या माणसाच्या कामात काय चुका काढतेस. बायने ते ऐकलं असणार. त्या दिवसापासून ती डोक्याला फडकं घट्ट बांधून बसायला लागली. डोकं दुखतंय, थंडीने, म्हणायची.

माघातली एक दुपार. मी वखारीत गासड्या मोजून घेत होतो. बाहेर आलो तर कुंपणाच्या पलीकडून जनूदादा येत होता आणि त्याने बायचा हात धरला होता. कुंपणाच्या खुंटाशी तो थांबला, तिचा हात खुंटावर ठेवला आणि परत फिरला. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. बायच्या दुसऱ्या हातात कागद होता. संमतीचा. ती त्याच्या ओटीवर गेली होती, चहा घेतला होता, आणि मागितलं होतं.

तीन महिने मी गप्प बसून जो सौदा धरून ठेवला होता तो हिने एका कपात सोडला. मला दुसरं काही दिसलं नाही. माझ्या बहिणीला हाताला धरून आणून त्याने मला हरवलं, एवढंच दिसलं. मी अंगणात उभा राहून ओरडलो, "कोणाला विचारून गेलीस? मी मेलो होतो काय? त्याच्या दारात जायला डोळे फुटले होते का तुझे?"

ती कुंपणाला धरून उभी होती. थोडंसं हसली. म्हणाली, "हां. तसंच समज."

मग ती घराकडे चालायला लागली. मुनीम तिच्या पुढे होता, तीन घुंगरांचा आवाज करत, आणि ती त्या आवाजामागून. मी बघत होतो. माझे डोळे चांगले होते.

आठवड्याभरात खांब उभा राहिला. वायरमनने जोडणी केली ती संध्याकाळी, दिवेलागणीला. मी उगाच तोऱ्यात बाजूला बसलो होतो, जणू मला त्याच्याशी काही घेणं नाही. सुमन दारात उभी होती. बाय बल्बच्या बरोबर खाली सूप घेऊन बसली होती, अंधार पडला तरी तांदूळ चाचपत. रेडिओचं बटण वीज गेली तेव्हापासून चालूच राहिलेलं होतं, ते कोणाच्या ध्यानात नव्हतं.

बल्ब लागला.

इतक्या दिवसांनी तो उजेड अंगावर आल्यासारखा झाला. सुमनने डोळ्यांवर हात धरला. माझे डोळे मिटले गेले. वाघी आणि गवळण दोघी एकदम खाटेखाली गेल्या. भिंती, कोनाडे, कोळिष्टकं, सगळं एकदम अंगाजवळ आलं. मी डोळे किलकिले करून बघितलं तर बाय तशीच बसली होती. तिची पापणी हलली नव्हती. तिची बोटं तांदळात तशीच फिरत होती आणि तोंड दाराकडे होतं, जिथे उजेड नव्हता. बल्ब तिच्या डोक्याच्या दोन-तीन हात वर जळत होता. तिच्या डोळ्यांत तो मला दिसत होता. दोन्ही डोळ्यांत एक-एक.

सुमन काहीतरी बोलणार होती. मी हात वर केला. का केला ते ठाऊक नाही.

मग कोपऱ्यात रेडिओ तापला, घरघरला, आणि त्यातून माणूस बोलायला लागला. बायने मान वर केली. तिचं तोंड उजळलं. म्हणाली, "आली वाटतं लाईट."

तो अर्धा मिनिट मी आयुष्यभर मोजत आलो आहे. एरवी मी वेळेचा हिशेब पक्का ठेवणारा माणूस, पण तो अर्धा मिनिट मला कधी पुरा मोजता आला नाही.

वसईचे डॉक्टर म्हणाले मुंबईला न्या. मुंबईच्या डॉक्टरांनी तिला अंधाऱ्या खोलीत बसवून बराच वेळ तपासलं. मला बाहेर बोलावून सांगितलं, डोळ्याच्या आत दाब वाढतो आणि नस मरते. मग एकेक प्रश्न विचारला. डोकं दुखायचं का? हो. दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं असं म्हणायच्या का? हो. धुकट दिसतंय, धुकं आहे, असं कधी? हो, मी म्हटलं. हो, म्हणायची. ते माझ्याकडे बघत राहिले. "थंडीच्या सुरुवातीला आणलं असतं तर," म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. मी त्यांच्याशी घासाघीस केली. खरंच केली. एका डोळ्याचं तरी काही, थोडं तरी, सावली दिसण्यापुरतं. सवय असते माणसाला. त्यांना द्यायला काही नव्हतं.

परत आल्यावर जनूदादा कुंपणाशी उभा होता. तीन-साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा आम्ही बोललो. मी विचारलं, तुला ठाऊक होतं? तो म्हणाला, कार्तिकापासून. त्याच्या विहिरीवर ती पाणी भरायला यायची, एकदा त्याने तिला हंड्याच्या बाजूला जमिनीवर पाणी ओतताना पाहिलं. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस?

"तिनं शपथ घातली व्हती," तो म्हणाला. "आनि तुझ्याशी बोलायचं कोनी रे?"

माझा राग आहे तो हा. खांबाचा नाही, हमालांसमोरच्या त्या वाक्याचाही नाही. त्याला दिसलं आणि त्याने मला सांगितलं नाही. शपथ मोडली असती तर काय झालं असतं? मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो, एवढंच. जाऊ द्यायचं मला. तो जाऊन आता वीस वर्षं झाली. मी स्मशानात गेलो होतो, पण खांदा दिला नाही. लोकांनी मला नावं ठेवली. अजूनही एखाद्या सकाळी धुकं दिसलं की मी त्याच्याशी मनात भांडतो. दर वेळी तेच मुद्दे मांडतो आणि दर वेळी तोच प्रश्न शेवटी मला येऊन चिकटतो, की तुझ्याशी बोलायचं कोनी. मग मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

बाय त्यानंतर अकरा वर्षं राहिली. वखार तिला पायाखाली पाठ होती. मुनीम म्हातारा होऊन गेला, वाघीची पिल्लं आली, त्यांनाही तिने चाचपून घुंगरं बांधली. गवताला हात लावून ती ओलं-सुकं माझ्यापेक्षा अचूक सांगायची. मी मात्र तिला हवेबद्दल पुन्हा कधीच काही विचारलं नाही, आणि कुठल्या गिऱ्हाइकासमोर ती ओटीवर असली की सौदा पहिल्या भावाला करून टाकायचो. लोकांना वाटलं, दत्तू शेट मऊ झाला.

एक गोष्ट मला कळत नव्हती. मी ती फार दिवसांनी, एका थंडीतल्या संध्याकाळी विचारली. रेडिओ लावलेला होता, ती त्याच्या पेटीवर हात शेकत बसली होती. मी म्हटलं, बाय, तुला दिसतच नव्हतं. दिवा असला काय, नसला काय. मग तू त्याच्या ओटीवर जाऊन दिवा मागितलास कशाला?

ती बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं, सौद्यासारखं माझ्याच डावाने मला बसवून ठेवते आहे.

"मला सांगता येत नव्हतं रे," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर तू चिडला असतास. म्हटलं, उजेड झाला म्हंजे तुझं तुलाच दिसेल."

घुंगरं माझ्याकडे आहेत. जुन्या सुपारीच्या डब्यात सहा. गंजली आहेत, नीट वाजत नाहीत.

आज केबल जोडायला आठ वाजले. सुमन आणि मी तसेच बसून होतो; ते मांजर खुर्चीखाली असावं. मग एकाएकी सगळं एकदम आलं. दिवा, फ्रिज, शेजारचा टीव्ही, लिफ्टची घंटा, सगळं एकाच क्षणी. आता कुठल्याच यंत्राला तापायला वेळ लागत नाही. बिल्डिंगभर पोरांनी हाळी दिली.

मी वर बघितलं नाही. वीज आली की मी दिव्याकडे बघत नाही. समोर जे माणूस बसलं असेल त्याच्या डोळ्यांकडे बघतो.

सुमनने डोळे मिचकावले, पदराने पुसले. म्हणाली, "दिसतंय मला. मांजराला दूध घाला आता."